चौदा सीन, मग पाच: स्टेजवरच्या प्रोग्रॅमेबल पॉवर्ड मिक्सरचे एक प्रकरण

परिस्थिती

गाणी आणि निवेदन असा दीड तासाचा, मध्यंतर नसलेला प्रयोग. एकूण १४ गाणी आणि प्रत्येक गाण्याआधी निवेदन. हॉल २०० खुर्च्यांचा, आतून १४ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. स्टेजवर आठ जण: गायिका, गायक, बासरी, अकूस्टिक गिटार, बेस, तालवाद्य, कीबोर्ड आणि निवेदक. साउंडसाठी वेगळा माणूस नाही, आणि या प्रकरणाची गाठ तिथेच आहे. मिक्सर कीबोर्डच्या डाव्या हाताला स्टेजवरच ठेवायचा आणि कीबोर्ड वाजवणाऱ्यानेच तो सांभाळायचा, असे ठरले होते. हात वाद्यावर अडकलेले असणार म्हणून मेमरी असलेला मिक्सर निवडला गेला.

मिक्सर १६ इनपुटचा, डिजिटल. पॉवर्ड म्हणून आतच दोन ॲम्प, ४ ओहमवर प्रत्येकी ५०० वॉट देणारे. दोन ऑक्स (मुख्य आवाजापासून वेगळा मिक्स बाहेर काढण्याच्या वाटा), दोन इफेक्ट (रिव्हर्ब म्हणजे घुमारा, डिले म्हणजे मागून परत येणारा आवाज), सीनसाठी (सीन म्हणजे साठवून ठेवलेली, एका बटणात परत येणारी मांडणी) १०० जागा, हवे ते काम नेमून देता येईल अशी ४ बटणे, एका फूटस्विचची जागा आणि मिडी इनपुट (वाद्यांकडून आदेश घेण्याची वाट). गेनचे (येणारा सिग्नल वाढवण्याचे) नॉब मात्र साधे ॲनालॉग होते आणि फेडरना (चॅनेलचा आवाज वर-खाली करणाऱ्या सरकत्या दांड्यांना) मोटर नव्हती. खरेदीच्या वेळी या दोन गोष्टींकडे सहसा कोणी बघत नाही. इथेही कोणी बघितले नव्हते, आणि पुढची काही दुखणी त्यांतूनच निघाली.

इनपुट असे लावले होते. चॅनेल १ आणि २ वर गायिका आणि गायकाचे कार्डिऑइड (समोरचे जास्त, मागचे कमी ऐकणारे) डायनॅमिक माइक, ३ वर निवेदकाचा वायरलेस हेडसेट, ४ वर बासरीचा क्लिपवरचा कंडेन्सर, ५ वर गिटार ॲक्टिव्ह डीआयमधून (डीआय म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी), ६ वर बेस डीआयमधून, ७ वर तालवाद्याचा माइक, ८-९ वर कीबोर्ड, १०-११ वर लॅपटॉपवरचा ट्रॅक (तो फक्त तीन गाण्यांत) आणि १२ वर राखीव माइक. उरलेले चार रिकामे.

पहिल्या ॲम्पवर हॉलकडचे दोन टॉप (मुख्य स्पीकर), दुसऱ्यावर दोन मॉनिटर (कलाकारांकडे तोंड केलेले स्पीकर). मिक्सरच्या मागचा स्विच डावा-उजवा सोडून 'ऑक्स १ आणि मोनो' यावर टाकला की ही विभागणी होते. हॉलकडे स्टिरिओ जात नाही, पण १० मीटर रुंदीच्या हॉलमध्ये दोन्ही टॉपच्या बरोबर मध्ये बसलेल्या थोड्या लोकांनाच स्टिरिओ ऐकू येतो. त्यामुळे गमावण्यासारखे फारसे काही नव्हते.

ताकद पुरेल का, हा प्रश्न सुरुवातीलाच आला. टॉपची संवेदनशीलता १ वॉटला १ मीटरवर ९६ डीबी. ५०० वॉट दोघांत वाटले तर प्रत्येकी २५०, म्हणजे २४ डीबीची भर, एकूण १२०. मागच्या रांगेपर्यंत साधारण १२ मीटर अंतर, त्यात २१.६ डीबी जातात. दुसऱ्या टॉपचे ३ डीबी धरले की मागे शिखराला १०१ डीबी मिळतात. शिखर आणि सरासरी यांत १२ डीबी अंतर ठेवले तर सरासरी ८९ उरते. एवढ्या वाद्यांच्या शांत प्रयोगाला ते भरपूर आहे. ताकदीचा प्रश्न इथेच संपला, आणि तालमीत जे काही बिघडले त्यातले काहीही वॉट कमी पडल्यामुळे बिघडले नाही.

पहिली बांधणी

मूळ बेत सरळ होता: प्रत्येक गाण्याला एक सीन, असे १४. पहिल्या गाण्याचा सगळा मिक्स बसवायचा, सेव्ह करायचा, त्याची कॉपी करून दुसऱ्या गाण्यासाठी फेरफार करायचे आणि तसेच पुढे जायचे. निवेदन गाण्याच्या आधी असल्यामुळे निवेदकाचा चॅनेल प्रत्येक सीनमध्ये उघडाच ठेवला. कीबोर्डच्या मिडी आउटमधून एक केबल मिक्सरला जोडली. कीबोर्डवर त्या गाण्याचा आवाज निवडला की प्रोग्रॅम चेंजचा संदेश जाणार आणि मिक्सरचा सीन आपोआप बदलणार.

कागदावर हे देखणे दिसते. अशा मिक्सरची माहितीपत्रकेही असेच काहीतरी सुचवतात. रंगीत तालमीत चार ठिकाणी ते कोसळले.

बिघाड १: मधेच सीन बदलणे

पाचव्या गाण्याच्या अंतऱ्याला कीबोर्डवर पियानो सोडून स्ट्रिंग्ज घेतले आणि त्याच क्षणी गायकाचा आवाज हॉलमधून नाहीसा झाला. मॉनिटरमध्ये बासरी ओरडू लागली, रिव्हर्ब तुटला. मिक्सरच्या पडद्यावर तेराव्या गाण्याचा सीन उघडला होता.

कारण साधे आहे. प्रोग्रॅम चेंज हा संदेश 'आवाज बदल' एवढेच सांगतो. तो गाण्याच्या सुरुवातीला आला की मधे, हे मिक्सरला कळायचा मार्ग नाही. मिक्सरचे मिडी रिसीव्ह 'ऑम्नी'वर होते, म्हणजे १६ पैकी कोणत्याही चॅनेलवर आलेला संदेश तो स्वतःसाठी समजत होता. त्यात आकड्यांचा घोळ. संदेशात आकडे ० ते १२७ असे जातात; कीबोर्ड पडद्यावर १ पासून मोजतो, तर या मिक्सरची यादी ०० पासून सुरू होते. कीबोर्डवर १४ दाबले की मिक्सरवर १३ उघडतो. तालमीच्या आदल्या दिवशी हा एकाचा फरक लक्षात आला होता, पण उपाय म्हणून सगळे सीन एक जागा खाली सरकवले गेले. दुखणे तसेच राहिले, फक्त आकडे जुळले.

मिडीने सीन बदलायचाच असेल तर कीबोर्डचा पाठवण्याचा चॅनेल आणि मिक्सरचा घेण्याचा चॅनेल वेगळे ठेवावेत (उदाहरणार्थ १ आणि १६), आणि सीनचा संदेश फक्त त्या कामाला बांधलेल्या बटणावरून १६ वर पाठवावा. या कीबोर्डवर तसे वेगळे चॅनेल नेमता येत नव्हते. केबल काढून टाकली.

बिघाड २: निवेदनाच्या वेळची शिट्टी

दुसऱ्या निवेदनापासून एक बारीक, तीक्ष्ण शिट्टी सुरू झाली. कधी लगेच, कधी चार-पाच वाक्यांनंतर. मेनच्या (हॉलकडे जाणाऱ्या मुख्य आवाजाच्या) ९ पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरमधली २ किलोहर्ट्झची पट्टी ९ डीबी खाली ओढली. शिट्टी थोडी मागे सरली, पण दोन्ही गायकांचे शब्द पुसट झाले. नऊ पट्ट्यांच्या इक्वलायझरमध्ये एक पट्टी जवळजवळ पूर्ण सप्तक व्यापते. २ किलोहर्ट्झच्या पट्टीत व्यंजने असतात. ती ९ डीबी कापली तर शब्दच जातात.

मुळात शिट्टी हॉलच्या टॉपमधून येतच नव्हती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. याची तपासणी पाच सेकंदांची आहे: शिट्टी चालू असताना मॉनिटरकडे जाणाऱ्या ऑक्स १ चा मास्टर खाली ओढा. शिट्टी थांबली तर दोष मॉनिटरच्या वाटेवर आहे, आणि मेनच्या इक्वलायझरला हात लावायचे कारण नाही. इथे थांबली.

निवेदकाचा हेडसेट सर्व दिशांनी ऐकणारा, ऑम्नी. असा माइक मॉनिटरकडे पाठ करून ठेवता येत नाही, त्याला पाठच नसते. सीन एकमेकांवरून कॉपी होत गेल्यामुळे गाण्याच्या चॅनेलसारखाच त्याचाही ऑक्स १ सेंड (मॉनिटरकडे जाणारा त्या चॅनेलचा वाटा) उणे ५ डीबीवर उघडा राहिला होता. निवेदकाला मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज मुळीच नको होता आणि त्याने तो मागितलाही नव्हता. सेंड पूर्ण बंद केल्यावर शिट्टीचा मोठा भाग संपला.

उरलेला भाग जास्त शिकवणारा आहे. १४ ही सीनमध्ये पाच माइक सतत उघडे होते: गायिका, गायक, निवेदक, बासरी, तालवाद्य. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळी जागा साधारण ३ डीबीने घटते. हिशेब दहा गुणिले लॉग संख्येचा आहे. पाचाऐवजी एकच उघडा ठेवला तर ७ डीबी परत मिळतात, दोन उघडे ठेवले तर ४. कोणताही इक्वलायझर आवाजाला धक्का न लावता ७ डीबी देऊ शकत नाही. डीआयवरचे बेस आणि कीबोर्ड या मोजणीत धरायचे नाहीत, ते हॉल ऐकत नाहीत. अकूस्टिक गिटारचा पिकअप मात्र पुरता निर्दोष नाही. मॉनिटर जवळ असेल तर गिटारची पेटी १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात घुमू लागते.

म्हणजे मेमरीचा सगळ्यात मोठा फायदा जिथे होता, तिथेच ती वापरली गेली नव्हती. प्रत्येक गाण्यासाठी रिव्हर्बचे अर्धे सेकंद आणि बासरीचे दीड डीबी काळजीपूर्वक सेव्ह झाले होते, आणि ज्याची गरज नाही तो माइक बंद करायचे राहून गेले होते.

बिघाड ३: फेडरची उडी

आठव्या गाण्यात गिटार हॉलमध्ये लहान वाटली. चॅनेल ५ चा फेडर किंचित वर सरकवायला बोट लावले आणि गिटार एकदम कानावर आदळली.

फेडर मोटरचे नसतील तर सीन बदलल्यावर आतला आकडा बदलतो, पण दांडी जागची हलत नाही. इथे आतला आकडा उणे १५ होता आणि दांडी ० वर उभी. बोटाने दांडी केसभर हलली की मिक्सरने दांडीची जागा खरी मानली: १५ डीबीची उडी. काही मिक्सरमध्ये यासाठी 'पिकअप' नावाची सोय असते; दांडी सेव्ह केलेल्या आकड्यावरून पार जाईपर्यंत काहीच बदलत नाही. ती चालू केली तर उडी टळते, पण दुसरी अडचण येते. घाईत दांडी ओढली तरी आवाज हलत नाही, म्हणून माणूस आणखी ओढतो, आणि मग ती पकड घेते ती नको तिथे. अंधारात, एका हाताने वाजवताना, हे दोन्ही वाईटच.

याचे एक भावंडही आहे. तिसऱ्या गाण्यात गायिका माइकच्या जवळ गेली म्हणून तिचा फेडर ३ डीबी खाली केला. पुढचा सीन आला आणि तो परत जुन्या जागी गेला. प्रयोग चालू असताना केलेली प्रत्येक दुरुस्ती पुढचा सीन पुसून टाकतो. साउंड चेकच्या वेळी बसवलेले आकडे रिकाम्या हॉलचे असतात. लोक भरल्यावर, गळा तापल्यावर ते बदलणारच, आणि सीन ते दर गाण्याला मागे खेचत राहणार.

बिघाड ४: दोन्ही ॲम्प गप्प

दहाव्या गाण्याच्या जोरदार शेवटी 'प्रोटेक्ट'चा लाल दिवा लागला आणि हॉल, मॉनिटर सगळे शांत झाले. काही सेकंदांनी आवाज आपोआप परत आला, पुढच्या जोरदार जागेवर पुन्हा गेला.

तालवाद्य वाजवणाऱ्याला ऐकू येत नाही म्हणून तालमीच्या सकाळी तिसरा मॉनिटर आणला होता आणि तो दुसऱ्या मॉनिटरच्या मागच्या लिंकमधून जोडला होता. ८ ओहमचे दोन पॅरलल म्हणजे ४ ओहम, तीन म्हणजे २.६७. ४ ओहमवर ५०० वॉट द्यायला सुमारे ४५ व्होल्ट लागतात आणि ११ अँपिअर वाहतात. तेच व्होल्ट २.६७ ओहमवर पडले की करंट १७ अँपिअरजवळ जातो. ॲम्पने स्वतःला वाचवले, ते बरोबरच केले. या मिक्सरमध्ये दोन्ही ॲम्प एकाच पॉवर सप्लायवर असल्यामुळे मॉनिटरच्या चुकीची शिक्षा हॉललाही झाली. ॲम्प वेगळा असता तर निदान टॉप चालू राहिले असते. एकाच पेटीत सगळे असण्याची ही किंमत आहे.

तपासताना मिक्सरच्या बाजूच्या जाळीला टेकून बासरीची पिशवी ठेवलेली सापडली. प्रोटेक्टचे मूळ कारण ती नव्हती, पण पंख्याची वाट अडली की हाच दिवा उष्णतेमुळेही लागतो. दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटर जागा मोकळी हवी. पंखा फिरतो, त्याचा आवाज येतो, म्हणून बासरीचा कंडेन्सर मिक्सरच्या शेजारी नको.

तिसरा मॉनिटर तिथून काढला आणि त्याच्या जागी स्वतःचा ॲम्प असलेला लहान स्पीकर ऑक्स २ च्या लाइन आउटवर लावला. तालवाद्याला यामुळे वेगळा मिक्सही मिळाला: बेस, कीबोर्ड, ट्रॅक एवढेच, गळा जवळजवळ नाही.

फेरबांधणी

सगळे सीन पुसून पायापासून सुरुवात केली. क्रम महत्त्वाचा आहे. सीन सगळ्यात शेवटी येतात.

आधी केबल. टॉपना २.५ चौरस मिलिमीटरच्या दोन तारांची स्पीकर केबल, दोन्ही टोकांना स्पीकॉन (फिरवून अडकवायचे स्पीकर कनेक्टर), १+ आणि १- वर जोडलेली. मिक्सर स्टेजवर असल्याने ८ मीटर पुरली. तिचा जाण्यायेण्याचा रोध सुमारे ०.११ ओहम. हाच मिक्सर हॉलच्या मागे ठेवला असता तर ३० मीटर लागली असती, रोध ०.४१ ओहम आणि ४ ओहमच्या लोडवर जवळजवळ १ डीबीचे नुकसान. तेवढे सोसता येते, पण डॅम्पिंग (स्पीकरच्या पडद्यावरचा ॲम्पचा ताबा) घसरते आणि खालचे स्वर सैल वाटतात. गिटारची शील्डेड केबल स्पीकरला लावणे हा वेगळाच प्रकार. आतली तार इतकी बारीक असते की ती तापते.

लॅपटॉपसाठी तालमीत ३.५ मिलिमीटरच्या जॅकवरून एकाच ६.३५ च्या स्टिरिओ जॅकची केबल वापरली होती, आणि ट्रॅकमधला बेस आणि कोरस गायब होते. बॅलन्स्ड मोनो इनपुट टोक आणि रिंग यांची वजाबाकी करतो. डावा वजा उजवा केला की मधोमध असलेले सगळे उडते. एका जॅकवरून दोन मोनो जॅक निघणारी केबल लागते, आणि लॅपटॉप चार्जरवर असेल तर मधे ट्रान्सफॉर्मर असलेला स्टिरिओ डीआय. गुणगुण घालवायची असेल तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नल केबलचे ग्राउंड तोडणारा स्विच) वापरावा. प्लगची अर्थिंग पिन तोडून गुणगुण घालवणारे अजून भेटतात. तो उपाय नाही, तो जिवाशी खेळ आहे.

मग गेन. प्रत्येक जण प्रयोगातल्या सगळ्यात मोठ्या जागी वाजवेल किंवा गाईल, तेव्हा मीटरचे शिखर उणे १० ते उणे ६ दरम्यान. साउंड चेकला माणूस हळू गातो आणि प्रयोगात ४ ते ६ डीबी जास्त देतो, हे धरूनच. गेन सीनमध्ये साठत नाही, म्हणून प्रत्येक नॉबशेजारी पांढऱ्या टेपचा तुकडा आणि त्यावर पेन्सिलची रेघ, वर एक फोटो. ४८ व्होल्ट (फँटम, म्हणजे कंडेन्सर माइक आणि ॲक्टिव्ह डीआयला केबलमधूनच मिळणारी वीज) फक्त ४ आणि ५ ला, चॅनेल म्यूट असताना चालू केलेले, आणि नंतर हात लावायचा नाही. ज्या मिक्सरमध्ये फँटम सीनमध्ये साठते तिथे ते पहिल्यांदा सीनबाहेर काढावे, नाहीतर गाण्यांच्या मधे धाडकन आवाज ठरलेला.

हाय-पास (दिलेल्या आकड्याखालचे स्वर कापणारा फिल्टर): गळ्यांना ११०, निवेदकाला १२०, बासरीला २००, गिटारला १४० हर्ट्झ. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारी सोय) फक्त गळे आणि निवेदकावर, ३:१, सगळ्यात मोठ्या जागी ४ डीबीपेक्षा जास्त दाब नाही, आणि मेक-अप गेन (दाबलेला आवाज भरून काढणारी वाढ) शून्य. मेक-अप दिला तर गाणे थांबलेल्या क्षणी माइक तेवढाच जास्त उघडा असतो, आणि शिट्टी नेमकी शांततेतच सुरू होते.

आता मॉनिटर. गायकांचे माइक कार्डिऑइड, म्हणून मॉनिटर बरोबर माइकच्या पाठीमागे, जिथे तो सगळ्यात कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड असता तर मॉनिटर किंचित बाजूला न्यावा लागला असता, कारण त्याची कमी ऐकण्याची दिशा साधारण १२५ अंशांवर असते. ऑक्स १ हळूहळू वर नेला. पहिली शिट्टी २.५ किलोहर्ट्झला आली. ऑक्सच्या पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये तिथे उणे ६ डीबी, क्यू ८ (म्हणजे अरुंद काप). दुसरी ६३० हर्ट्झला, तिथे उणे ४. तिसरी आल्यावर थांबणे शहाणपणाचे. त्यापुढे प्रत्येक कापाबरोबर आवाज बिघडतो आणि हाती काही लागत नाही. तिथून मास्टर ६ डीबी खाली आणून टेप लावला. मेनचा ग्राफिक पुन्हा सपाट, फक्त २५० हर्ट्झला उणे ३, कारण हॉल तिथे भरून येत होता.

पाच सीन

आता सीनमध्ये काय साठवायचे? म्यूट आणि इफेक्टचे सेंड. बाकी सगळे रिकॉल सेफमध्ये (सीन बदलला तरी न हलणाऱ्या गोष्टींत): फेडर, इक्वलायझर, कॉम्प्रेसर, ऑक्स १ आणि २ चे सेंड, दोन्ही ऑक्सचे मास्टर, मेन फेडर, आउटपुटचे इक्वलायझर. फेडर सीनबाहेर गेले की दांडी दिसते तिथेच आवाज असतो, उडीचा प्रश्नच उरत नाही, आणि हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या गाण्यालाही टिकते. मोटर नसलेल्या फेडरच्या मिक्सरवर याहून वेगळे करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सीन १०, लाइन चेक: सगळे म्यूट. सीन २०, निवेदन: फक्त ३ आणि कीबोर्ड उघडे, रिव्हर्ब शून्य. सीन ३०, पूर्ण वाद्यमेळ: निवेदक म्यूट, १०-११ म्यूट, बाकी उघडे. सीन ४०, संथ युगुलगीते: दोन गळे, गिटार, बासरी, कीबोर्ड, तालवाद्याचा माइक बंद. सीन ५०, ट्रॅकची गाणी: ३० सारखेच, १०-११ उघडे, तालवाद्याचा माइक बंद, कारण ट्रॅकमध्ये ताल आहेच. मधल्या जागा रिकाम्या ठेवल्या, की ऐनवेळी ३५ घालावा लागला तरी क्रम मोडणार नाही. राखीव माइक १२ सगळ्याच सीनमध्ये म्यूट, पण त्याचा म्यूट सीनच्या कक्षेबाहेर, म्हणजे गरज पडली तर तो हाताने उघडतो आणि उघडाच राहतो.

युगुलगीतांत गिटार एकटीच आधार देते, तिथे ती ४ डीबी मोठी आणि जास्त भरीव हवी होती. फेडर सीनबाहेर, मग हे कसे? डीआयचे आउटपुट इनपुट पॅचमधून (कोणते इनपुट कोणत्या चॅनेलला जाईल हे ठरवण्याच्या सोयीतून) चॅनेल ५ आणि रिकाम्या १३ अशा दोन्हींना दिले. १३ वर फेडर ४ डीबी वर, हाय-पास १४० ऐवजी ७०, रिव्हर्ब जास्त. सीन ४० मध्ये ५ म्यूट आणि १३ उघडा. बाकी सीनमध्ये उलट. दोन्ही एकदम उघडे राहिले तर तोच सिग्नल दोनदा बेरीज होतो. फेडर सारखे असतील तर ६ डीबी भर पडते, म्हणून सीन बदलाचा फेड टाइम शून्य ठेवला. ज्या मिक्सरवर अंतर्गत पॅच नाही तिथे डीआयऐवजी लाइन लेव्हलचा सिग्नल वाय-केबलने दोन इनपुटना वाटता येतो. एका आउटपुटचे दोन इनपुट चालतात. दोन आउटपुट एका इनपुटला बांधणे चालत नाही.

इफेक्टचे प्रोग्रॅम सीनने बदलायचे नाहीत, हाही नियम ठरला. प्रोग्रॅम बदलला की चालू असलेली रिव्हर्बची शेपूट तुटते. इफेक्ट १ वर १.८ सेकंदांचा प्लेट (रिव्हर्बचा एक प्रकार), इफेक्ट २ वर डिले, रात्रभर तेच. डिले एकाच गाण्यात लागतो, त्याची लय मिनिटाला ९६ ठोके: ६०,००० भागिले ९६ म्हणजे ६२५ मिलिसेकंद, आणि अर्ध्या मात्रेला ३१२.५. दुसरा आकडा बसवला. पहिला शब्दांवर चढत होता.

चार नेमता येणाऱ्या बटणांवर २०, ३०, ४०, ५०. प्रत्येक गाण्याआधी निवेदन असल्यामुळे सीन बदलायच्या प्रत्येक क्षणी कीबोर्डवाल्याचा डावा हात मोकळाच असतो. मिडीची गरज मुळात नव्हतीच. फूटस्विच इफेक्ट म्यूटला दिला. गाण्याच्या शेवटी टाळ्यांत कोणी दोन शब्द बोलले तर ते प्लेटमध्ये भिजू नयेत.

नंतर 'स्टोअर'ला कुलूप. हे विसरले जाते आणि महागात पडते, कारण बहुतेक पॅनेलवर स्टोअर आणि रिकॉल शेजारी असतात. सगळे सीन यूएसबीवर आणि वेगळ्या नावाने आणखी एका यूएसबीवर.

प्रयोग

चालू करण्याचा क्रम: लॅपटॉप, कीबोर्ड, वायरलेस रिसीव्हर, ऑक्स २ चा स्पीकर पूर्ण खाली, शेवटी मिक्सर मास्टर खाली ठेवून. बंद करताना मिक्सर पहिला. वेगळ्या ॲम्पच्या सिस्टिममध्ये 'ॲम्प शेवटी' असा जो नियम असतो, तो इथे मिक्सरलाच लागू होतो, कारण ॲम्प त्याच्याच पोटात आहे.

प्रयोगात सीन एकदाच चुकला: सातव्या गाण्याला ३० ऐवजी ४० दाबला गेला आणि तालवाद्य हॉलमधून आले नाही. दोन ओळींनंतर लक्षात आले, बटण दाबले, फेडर हलवावे लागले नाहीत. जुन्या बांधणीत याच चुकीने सगळा मिक्स उलटला असता. बासरीवाल्याने मॉनिटरमध्ये स्वतःला जास्त मागितले. ऑक्स १ चा सेंड २ डीबी वाढवला आणि तो पुढच्या सात गाण्यांत टिकला. मागच्या रांगेतला आवाज कीबोर्डच्या जागेवरून कळत नाही, तो प्रश्न मात्र सुटलेला नाही. लोक बसल्यावर गळे १ ते २ डीबी वर लागतील या अंदाजाने मेन ठेवला होता आणि तो अंदाज जवळपास बसला. पण अंदाज तो अंदाजच. हॉलमध्ये बसून हाताने खूण करणारा एक माणूस असता तर जास्त बरे.

वीज जाण्याचा विचार तालमीनंतर झाला. स्पीकर काढून, प्लग उपटून पुन्हा लावला तेव्हा मिक्सर शेवटच्या सीनवर, मेन फेडरच्या जागेसह परत आला. म्हणजे वीज आली की स्पीकर लगेच पूर्ण आवाजात. म्हणून वीज गेल्याक्षणी कीबोर्डवाल्याने मेनची दांडी खाली ओढायची, असे ठरले. लहान यूपीएसचा इथे उपयोग नाही: मेंदू आणि १००० वॉटचे ॲम्प एकाच वायरवर आहेत, त्यातला फक्त मेंदू यूपीएसवर टाकता येत नाही. लॅपटॉप आणि वायरलेस रिसीव्हर तेवढे यूपीएसवर ठेवले.